सिमेंटचा दगड टाकीत गेला की पीएच पुन्हा का चढतो?

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीसाठी घरी केलेला सिमेंटचा दगड महिना-दोन महिने भिजत होता. बादलीतलं पाणी वरचेवर बदललं, शेवटी किटने पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) टाकीला हवा तसा ८.२ दाखवला, म्हणून दगड टाकीत रचला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पीएच किटच्या सगळ्यात गडद रंगावर. दगड बाहेर, पुन्हा बादलीत, पुन्हा ८.२, पुन्हा टाकीत आणि पुन्हा तोच गडद रंग. गोव्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आणि त्यासाठी घरीच सिमेंट-शिंपल्यांचा दगड करणारे लोक ही एकच तक्रार घेऊन येतात. कोणी सिमेंटला दोष देतं, कोणी किटला. माझ्या मते गोची वेगळीच आहे. दगडाबद्दलचा प्रश्न आपण पाण्याला विचारतो. बादलीतलं पाणी दगडाच्या सालीबद्दल सांगतं, गाभ्याबद्दल नाही. आणि टाकीला महिनोनमहिने त्रास देतो तो गाभा.

खरा लाइव्ह रॉक (समुद्रातला, जीवजंतू वसलेला प्रवाळाचा दगड) आणून हा प्रश्न मिटवू, असं कोणी सुचवलं तर तो रस्ता आपल्याला बंद आहे. प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळून उचललेला तुकडा जिवंत असो की मेलेला, तो घरी आणणं गुन्हाच. तेव्हा घरचा दगड नीट करणं हाच मार्ग.

टाकीत मासे असतील तर आधी हे

दगड बाहेर काढा. सगळा एकदम निघत नसेल तर सगळ्यात जाड तुकडे आधी. टाकीत व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल थेट ओतू नका. पीएच धाडकन खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी परत वर जातो, माशांना दोन्ही धक्के बसतात. त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं तयार मीठपाणी घेऊन पाव टाकी पाणी बदला, हवेचा पंप जोरात चालवा. तेवढ्याने भागत नसेल तर प्यायचा साधा, बिनचवीचा बाटलीतला सोडा (सोडा वॉटर) वापरता येतो. त्यात विरलेला कार्बन डायऑक्साइडच आपल्याला हवा असतो. लीटरमागे साधारण दीड मिलीलीटर सोड्याने पीएच सुमारे ०.३ उतरतो. तो पंपाच्या धारेत हळूहळू ओता. बाटलीवरचं लेबल वाचा. गोडी, रंग, फॉस्फेट असलं काही असेल तर ती बाटली टाकीसाठी नाही.

अमोनिया त्याच वेळी तपासा. ८.२ ला एकूण अमोनियाचा लहानसा भागच विषारी रूपात असतो. पीएच ९ च्या पुढे गेला की तोच भाग कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे काल चालून गेलेला अमोनिया आज मासे मारू शकतो, किटवरचा आकडा तोच असला तरी.

पाणी दुधाळ झालं असेल आणि काचेवर, पंपावर पांढरी पूड बसत असेल तर घाबरू नका, पण तो दगडाविरुद्धचा पुरावा समजा. पीएच चढल्यावर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घनरूपात बाहेर पडतं, ती ही पूड. पंपाचा रोटर तेवढा उघडून साफ करा, तिथे ती लवकर जमते.

दोष दगडाचाच आहे का?

पीएच दिवसभर एकसारखा नसतो. दिवे चालू असताना शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं, पीएच वर जातो; रात्री उतरतो. म्हणून पहाटे दिवे लागायच्या आधी मोजा आणि संध्याकाळी पुन्हा मोजा. पहाटे ८.० आणि संध्याकाळी ८.३ असेल तर तो शेवाळाचा आणि उजेडाचा खेळ आहे, दगडाला हात लावू नका. पहाटेही पीएच वरच अडकलेला असेल तर दगड.

खोलीचाही हात असतो. एसी लावून बंद ठेवलेल्या झोपायच्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच दबून राहतो. तीच टाकी हॉलमध्ये, खिडक्या सताड उघड्या असलेल्या जागी नेली की पीएच वाढतो. टाकी हलवल्यावर दगड बिघडला असं वाटतं, ते यामुळे.

किटबद्दल एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. खाऱ्या पाण्याची थेंबांची किट बहुधा ८.८ पर्यंतच रंग दाखवतात. त्यापुढे ८.९ असो की ११, रंग तोच गडद. म्हणून ‘८.८ आहे, फार नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. पेनसारखं मीटर असेल तर ते जुळवण्यासाठी मिळणाऱ्या पुड्यांपैकी नुसत्या ६.८६ पीएचच्या पुडीवर जुळवून थांबू नका, ९.१८ च्या पुडीवरही जुळवा. आपल्याला जे मोजायचं आहे ते या दोन आकड्यांच्या मधलं आहे.

दगड फोडून बघा

सिमेंट पाण्याने घट्ट होताना दोन पदार्थ बनतात. एक, ज्याने दगड मजबूत होतो. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुना. चुन्याच्या निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. हा चुना दगडातून जायला दोनच वाटा आहेत: पाण्यात विरघळून बाहेर पडणं, किंवा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होणं. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे शिंपल्यांचाच पदार्थ, टाकीला त्याचा त्रास नाही. गोव्यातल्या जुन्या घरांचा शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा वर्षानुवर्षं कडक होत गेला, तो याच दुसऱ्या वाटेने.

बादलीत भिजवताना दगडाच्या बाहेरच्या बोटभर थरातला चुना लवकर जातो. मग पाणी बदलल्यावर दोन दिवस आकडा चांगला येतो. आतला चुना मात्र बारीक छिद्रांतून मुंगीच्या पावलांनी बाहेर येत राहतो. टाकीत पाणी सतत फिरतं, दगड चोवीस तास धुतला जातो, आणि तो चुना तिथे दिसतो.

म्हणून प्रत्येक घाण्यातून एक तुकडा बळीचा म्हणून वेगळा ठेवा. तो सगळ्यात जाड तुकड्याइतकाच जाड हवा, नाहीतर त्याचा उपयोग नाही. बाकीच्या दगडांसोबत त्यालाही तेच पाणी, तीच हवा द्या. दगड तयार झाला असं वाटेल त्या दिवशी तो हातोड्याने मधोमध फोडा आणि ताज्या, किंचित ओल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका. हे रसायन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. सिव्हिलचे इंजिनिअर काँक्रीट तपासायला तेच वापरतात. चुना शिल्लक असेल तिथे लगेच गडद गुलाबी रंग येतो. चुना संपला असेल तिथे रंग येत नाही. गुलाबी कडा कुठे सुरू होते ते पट्टीने मोजा. बाहेरून जेमतेम चार-पाच मिलीमीटर कोरा आणि आत सगळं गुलाबी असेल तर बादलीतला ८.२ तुम्हाला फसवतोय.

फिनॉल्फ्थॅलीन मिळेपर्यंत हळद चालते. हळद पाण्यात कालवून फुटलेल्या भागाला लावा. कुंकू करताना हळदीला चुना लागला की ती लाल होते, तेच इथे घडतं. गडद लाल झाली तर दगड कच्चा आहे, पुढची तपासणी करायचीही गरज नाही. पण हळद पिवळी किंवा फिकट नारिंगी राहिली म्हणून दगड पास झाला असं समजू नका, तिचा रंग ८ च्या आगेमागेच डळमळायला लागतो. तपासलेला तुकडा टाकीत घालायचा नाही.

व्हिनेगरच्या बादलीचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही. व्हिनेगर सालीतला चुना मारतं, सोबत शिंपल्यांचे कणही खातं, आणि गाभ्याला शिवतही नाही. वर ॲसिटेट मागे राहिलं तर टाकीत बॅक्टेरियांना आयतं खाद्य मिळतं आणि पाणी गढूळ होतं. आकडा मात्र दोन दिवस सुंदर येतो. पुन्हा पुन्हा फसणारे बरेच लोक याच सुंदर आकड्यावर विसंबलेले असतात.

गोव्यात गाभा कच्चा का राहतो

पहिलं कारण पाऊस, आणि ते उलट्या बाजूने. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पावसाचं पाणी मऊ, फुकट आणि भरपूर. चुना धुवायला याच्याइतकं चांगलं पाणी नाही. पण चुन्याचं कार्बोनेट व्हायला दगडाच्या छिद्रांत थोडा ओलावा आणि बरीचशी हवा लागते. काँक्रीटमध्ये हे काम हवेतली आर्द्रता ५० ते ७० टक्के असताना सगळ्यात वेगाने होतं. जुलैत आपल्याकडे छिद्रं पाण्याने भरलेली असतात, आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. त्यामुळे ‘महिनाभर बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत) वाळवला’ हा जुलैतला महिना जवळजवळ वाया जातो. पूल बांधणाऱ्यांना जी गोष्ट नको असते (तिने आतली सळी गंजते) तीच आपल्याला हवी आहे, आणि आपली हवा ऐन वेळी आडवी येते.

यावर माझा उपाय पंचांग बघण्याचा आहे. दगड फेब्रुवारी-मार्चमध्ये पाडायचा. पहिला आठवडा ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा, कारण सिमेंटला घट्ट व्हायला ओल लागते. गवंडी स्लॅबला पाणी मारतो ते याचसाठी. मग उन्हाळाभर अधूनमधून भिजवायचा, अधूनमधून सावलीत वाळवायचा. पाऊस लागला की उघड्यावर धुवायला सोडायचा, जमिनीपासून वर, लाकडी चौकटीवर किंवा प्लॅस्टिकच्या क्रेटवर, म्हणजे तांबड्या मातीचे शिंतोडे उडणार नाहीत. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की आत घ्यायचा आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचा. डिसेंबर ते फेब्रुवारी इथली हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, गाभ्याचं काम तेव्हा होतं. घाई असेल तर कोरड्या दिवसांत आठवडाभर पाण्यात, आठवडाभर सावलीत अशा पाळ्या लावा. नुसतं भिजवत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. विहिरीचं पाणी वापरत असाल तर बादलीच्या तळाशी तांबूस साका बसतो का ते बघा. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असू शकतं, आणि ते शेवाळाला आवडतं.

दुसरं कारण जाडी. नारळाएवढा भरीव गोळा कधीच नीट तयार होत नाही. तुकडा कुठेही पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा जाड नको. मोठा दगड हवा असेल तर आत मिठाची पुरचुंडी ठेवून पोकळ पाडा, किंवा माल ओला असतानाच पीव्हीसी पाइपचे तुकडे आरपार घालून नंतर फिरवून काढून घ्या. भोकं माशांच्याही कामी येतात.

तिसरं, मालाचं प्रमाण. मजबुतीच्या लोभाने सिमेंट वाढवलं की चुनाही वाढतो आणि छिद्रंही बुजतात. मी मापाने एक भाग सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा भुगा आणि एक ते दीड भाग खडे मीठ घेतो. भुगा कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात शेल ग्रिट म्हणून मिळतो. निवळ पाणी येईपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा. मीठ पेडण्यातल्या आगरवाड्यासारख्या मिठागरांतलं जाड खड्यांचं घ्या, पावसाआधीच भरून ठेवा. बारीक मीठ मालात विरघळून जातं, छिद्रं उरत नाहीत आणि दगड ठिसूळ होतो. याच कारणाने आधी सगळं कोरडं कालवून पाणी शेवटी आणि बेतानेच घालायचं: मूठ दाबली की गोळा टिकावा, बोटांतून पाणी गळू नये. रबरी हातमोजे घाला, कोरडं सिमेंट ओतताना नाकाला मास्क बांधा. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, आणि ते भाजणं लगेच जाणवत नाही.

सिमेंटचा प्रकार लोक समजतात तितका निर्णायक नाही, पण फरक आहे. दुकानात बहुधा पीपीसीच (राख मिसळलेलं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) पुढे येतं; पोत्यावर आयएस १४८९ लिहिलेलं असतं. त्यातली राख चुन्याशी हळूहळू संयोग पावते, त्यामुळे शेवटी मोकळा चुना कमी उरतो. मात्र तिला वेळ आणि ओल दोन्ही लागतात, म्हणून पीपीसीचा दगड आठवड्यावर न थांबता महिनाभर ओला ठेवा आणि मगच वाळवायला घ्या. पांढरं सिमेंट दिसायला छान, लोह कमी, पण राख नसल्याने चुना जास्त. त्याला धुण्याच्या पाळ्या जास्त द्या. वॉलपुट्टी पांढरी असते म्हणून वापरू नका, तिच्यात पॉलिमर असतात. वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेलं सिमेंटही नको. छिद्रांत पाणी जाऊ न देणं हाच तर तिचा उद्देश.

बादलीची परीक्षा, पण दोन बादल्यांची

फोडलेला तुकडा बऱ्यापैकी कोरा निघाला की पाण्याला विचारायची वेळ येते. ही परीक्षा गोड्या पाण्यात घेऊ नका. मऊ पाण्यात, झाकण लावलेल्या बादलीत नुसते शिंपले ठेवले तरी पीएच ९ च्या वर जाऊ शकतो आणि चांगला दगडही नापास होतो. उघड्या बादलीत उलटं होतं: हवेतला कार्बन डायऑक्साइड चुना मारत राहतो, पाण्यावर पातळ पांढरी साय धरते, आणि कच्चा दगड पास होतो.

म्हणून झाकणाच्या दोन बादल्या घ्या. दोन्हींत एकाच वेळी कालवलेलं मीठपाणी भरा, दोन्हींत सारखेच छोटे पंप लावा. एकीत दगड घाला, टाकीत दगड-पाण्याचं जे प्रमाण असेल त्यापेक्षा थोडा जास्तच. दुसरीत काही नको. झाकणं घट्ट लावून तीन दिवस हात लावू नका, पाणी बदलू नका. मग दोन्हींचा पीएच आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, अंशांत) मोजा. आकडा किती आला यापेक्षा दोन बादल्यांतला फरक किती, हे बघायचं. पीएचमध्ये ०.२ पर्यंत आणि केएचमध्ये एक अंशापर्यंत फरक मी चालवून घेतो. पीएच चढलेला आणि केएच पडलेला दिसला तर पाणी स्वच्छ वाटत असलं तरी आत पूड पडायला सुरुवात झालेली असते.

पास झालेला दगडही टाकीत एकदम रचू नका. दर आठवड्याला पाव भाग घाला आणि पहाटेचा पीएच लिहून ठेवा. आणि दगड तयार झाला म्हणजे जिवंत झाला असं नाही. त्यावर बॅक्टेरिया बसायला, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला आठवडे लागतात, तोवर नवे मासे नकोत.

पीएच सोडून बाकीच्या तक्रारी

दगड हाताने चुरतोय: बहुतेक वेळा तो फार लवकर पाण्यात बुडवलेला असतो किंवा सिमेंटचं पोतं पावसाळ्यात दमट झालेलं असतं. पोत्यात बोटांनी न फुटणारे खडे झाले असतील तर ते चाळून वापरू नका, नवं आणा.

वास येतोय, केसासारखं हिरवं शेवाळ वाढतंय: शिंपल्यांना मांसाचे अंश चिकटलेले होते. घरच्या तिसऱ्या-शिनाण्यांची (खायच्या शिंपल्यांची) टरफलं वापरायची असतील तर उकळून, ब्लीचमध्ये भिजवून, भरपूर धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच घ्या.

काळे किंवा तांबूस ठिपके: किनाऱ्यावरची वाळू मालात घातली असेल तर तिच्यातली जड काळी खनिजं असू शकतात. चुंबक फिरवून बघा, कण चिकटले तर खूण पटली. ती वाळू किनारी नियमांमुळे उचलायचीही नाही आणि आपल्या कामाचीही नाही. जांभ्या दगडाचा चुरा रंगासाठी घालणारेही भेटतात. त्यात लोह भरपूर आणि कार्बोनेट काहीच नाही. एकाच जागी गोल गंजाचा डाग असेल तर तिथे खरवडा. आत बांधणीची तार किंवा खिळा निघाला तर तो तुकडा बागेतल्या कुंडीजवळ ठेवा, टाकीत परत नको.